पाध्येकाका साहेबासमोर बसत नसत

साहेबाच्या खोलीत पाध्येकाका कधी बसायचे नाहीत. समोर रिकाम्या खुर्च्या असोत, साहेब स्वतः "अरे बैठिए न पाध्येजी" म्हणोत, हे आपले टेबलाच्या कोपऱ्याशी उभे. हातात कापडी पिशवी, पायांत पॉलिश केलेले पण टाचेला झिजलेले बूट, चेहऱ्यावर जरासं हसू. मी नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीलाच एकदा त्यांच्याबरोबर कलेक्टर कचेरीत गेले आणि दिसली खुर्ची तशी बसले. साहेबांनी चहा मागवला, गप्पा झाल्या, कागद तसाच राहिला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "शोभा, बसलेल्या माणसाला चहा मिळतो. उभ्या माणसाला सही मिळते. तुला काय हवंय ते तू ठरव."

मला असा राग आला म्हणून सांगू. जेमतेम ओळख, आणि हे मला बसायचं कसं ते शिकवणार! मी फौजी घरातली. वडील साताऱ्याकडचे, झाशीजवळ बबिन्याच्या छावणीत पोस्टिंग झालं, रिटायर झाल्यावर परत जायचं सोडून झाशीतच प्रेमनगरात घर घेऊन बसले. आमच्याकडे कुणी असं गोड बोलून शिकवत नाही, सरळ ओरडतात. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम एका कचेरीत परत बसले. परत चहा मिळाला. त्यानंतर मीही उभी राहायला लागले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. उभा माणूस डोळ्यांत खुपतो. साहेब कितीही मुर्दाड असला तरी पांढऱ्या केसांचा एक माणूस समोर तिष्ठत उभा आहे आणि आपण पाय पसरून बसलोय, हे त्याला फार वेळ सोसवत नाही. तो कंटाळून, शरमून, नाहीतर चिडून का होईना, पण कागद पुढे ओढतो. विजेच्या खात्यातला एक इंजिनीयर फाइल दाबून बसण्यासाठी प्रसिद्ध होता. त्यानं काकांना अख्खी दुपार उभं ठेवलं. जेवून आला, डुलकी काढून आला, काका तिथेच. शेवटी सही करून कागद त्यांच्या अंगावर फेकत म्हणाला, "ले जाइए, आपको देख के हमारे घुटने दुखने लगे." काकांनी कागद उचलला, त्याला नमस्कार केला आणि गुडघ्यांना लावायच्या तेलाचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटली नेऊनही दिली.

आमची कंपनी उन्हाची वीज करायची. मोठं ऑफिस गुरुग्रामला, झाशीत एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. माझं काम इंग्रजी कागदांचं हिंदी करायचं. काकांच्या कार्डावर 'सलाहकार, शासकीय समन्वय' असं लिहिलेलं होतं. म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कंपनीची गोष्ट सरकारच्या कानात घालायची आणि सरकारची गोष्ट कंपनीच्या गळी उतरवायची. दोन्हीकडे तोंड गोड ठेवायचं. बस, इतनाही."

हे काम त्यांच्या रक्तातच होतं म्हणायचं. त्यांचे पूर्वज कधीतरी कोकणातून इकडे आले ते कुणाच्या तरी दप्तरात लिहायला. मग दुसऱ्याच्या, मग इंग्रजांच्या, मग कलेक्टरच्या. काका म्हणायचे, आमच्या घराण्याला दुसरं काही येतच नाही, दरबार बदलले तरी आमचं उभं राहणं तेच. त्यांचं मराठीही तसंच जुनं होतं. ऑफिसला कचेरी म्हणायचे, नाश्त्याला न्याहारी. मी सकाळी आले की पहिला प्रश्न, न्याहारी केलीस का. माझं मराठी छावणीतलं, त्यांचं पेशव्यांकडचं, आणि दोघांच्याही वाक्याचं शेपूट हिंदी. त्यांची मुलगी इंदूरला असते. तिला मराठी सगळं समजतं, पण फोनवर बोलताना "बाबा, आप भी न" याच्या पलीकडे गाडी जात नाही. फोन ठेवला की काका माझ्याशी मुद्दाम मराठीतून भांडायचे. भांडायला आम्हाला विषय लागत नसे.

एक सांगते, म्हणजे हे काम कसं चालतं ते कळेल. सरकार नवं धोरण आणणार असलं की आधी मसुदा काढतं आणि सूचना मागवतं. गुरुग्रामहून आमच्या सूचना इंग्रजीत यायच्या, मी त्यांचं हिंदी करायचे, काका ते लखनौला घेऊन जायचे. एकदा धोरण छापून आलं आणि मी वाचायला घेतलं, तर त्यात एक वाक्य माझंच होतं. जसंच्या तसं. घाईत मी एक शब्द चुकीचा वापरला होता, तोसुद्धा तसाच. मी कपाळाला हात लावला. काकांना दाखवलं तर पोट धरधरून हसले. म्हणाले, "अगं बाई, आता तू सरकार झालीस." मग हसणं थांबवून म्हणाले, शब्द मात्र पुढच्या वेळी नीट बघ, त्यावर लोकांच्या जमिनी ठरतात.

पण त्यांना नुसता दलाल समजाल तर चुकाल. मीही आधी तेच समजत होते. उन्हाच्या विजेवर त्यांचा खराखुरा विश्वास होता. काकूंचा शेवटचा उन्हाळा त्यांनी पंख्यानं वारा घालत काढला होता. झाशीचं ऊन काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. काकू अंथरुणाला खिळलेल्या आणि वीज दुपारी गेली की संध्याकाळपर्यंत येत नसे. काका ताडाचा पंखा घेऊन उशाशी बसायचे, एक हात दुखला की दुसऱ्या हातानं. काकू त्या उन्हाळ्यातच गेल्या. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, लक्ष्मी तालाच्या काठावर, महालक्ष्मीच्या देवळातून येताना. तलावावर जलकुंभी माजलेली होती, पाणी दिसतच नव्हतं. म्हणाले, "ज्या उन्हानं तिला खाल्लं ना शोभा, त्याच्याकडून मी चाकरी करून घेणार आहे." प्रसादाचे बत्तासे हातात तसेच धरून उभी राहिले.

आता त्यांच्या खऱ्या हुन्नराकडे येते.

विजेच्या कारभारावर देखरेख करायला आयोग असतो. कंपनीला काही मोठं करायचं असलं की आयोग जनसुनावणी घेतो. लखनौहून अध्यक्ष येतात, हॉलमध्ये टेबलाला हिरवं कापड लागतं, आणि कुणाला काही हरकत असेल तर त्यानं उभं राहून बोलायचं. बोललं की ते लिहून घेतात. कंपनीनं तिथे काही कबूल केलं की तेही लिहितात आणि आदेशात घालतात, मग ते पाळावं लागतं. म्हणून कंपन्यांना सुनावणीची धास्ती असते. आमच्या कंपनीला नव्हती, कारण आमच्याकडे पाध्येकाका होते. त्यांच्या सुनावणीत कुणी उठतच नसे.

तुम्हाला वाटेल पैसे चारत असतील, नाहीतर धमक्या देत असतील. छे! ते फक्त घरी जायचे. कुणाची हरकत आहे असा सुगावा लागला की सुनावणीच्या आधी पिशवीत पेढे घेऊन त्याच्या दारात हजर. आणि साहेबापुढे न बसणारा हा माणूस खेड्यात मात्र लगेच बसायचा. खाटेवर जागा नसली तर जमिनीवर. एका रिटायर मास्तरांनी पॅनेल धुवायला उपसणार असलेल्या पाण्याविरुद्ध चार गावांत भाषणं केली होती. काका त्यांच्याकडे गेले, चटणी-रोटी खाल्ली, मास्तरांचे जुने विद्यार्थी कोणकोणत्या कचेरीत आहेत ते त्यांनाच सांगितलं, आणि उठताना त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले की पाण्याचं मी बघतो, तुम्ही या वयात हॉलमध्ये कुठे ताटकळत बसणार. मास्तर सुनावणीला आलेच नाहीत. आणि हे खरं सांगायला हवं, काकांनी पाण्याचं बघितलं. कंपनीच्या मागे लागून लागून कोरड्या ब्रशांनी पॅनेल साफ करायची यंत्रं आणवली. दिलेला शब्द ते पाळायचे. म्हणून तर लोक त्यांच्यापुढे गप्प बसायचे.

गुरसरायच्या वाटेवर एक लहानशी वस्ती आहे. सगळे तिला नुसतं खिरक म्हणतात. वस्ती आणि तिचा तलाव यांच्या मध्ये खडकाळ माळ, आणि त्या माळावर आमच्या कंपनीला पॅनेल लावायची होती. माळावर काही पिकत नव्हतं, त्यामुळे जमीन जायचं कुणाला दुःख नव्हतं. पण तलावाकडे जायची पायवाट त्या माळावरूनच होती. बायका, म्हशी, बकऱ्या, सगळी वर्दळ तिथूनच. कुंपण पडलं तर हमरस्त्यानं लांबचा वळसा, आणि त्या रस्त्यावर खडी वाहणारे डंपर दिवसभर धावतात.

हे सगळ्यांत आधी बोलून दाखवलं ते हल्कीबाईनं. अंगानं काटकुळी, विधवा, आवाज मात्र असा की म्हैस लांबून वळेल. काका आणि मी गेलो तेव्हा तिनं ताक दिलं आणि समोर बसून सरळ विचारलं, "दद्दा, ढोर पानी खों कितै से जैहैं?" जनावरं पाण्याला कुठून जाणार. काकांना उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं आणि विचारून येतो म्हणाले.

परत आल्यावर ते आमच्या त्या वेळच्या मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले. नेहमीसारखे. मॅनेजर जुन्या वळणाचा होता, त्याला उभा म्हातारा सोसवला नाही. तो म्हणाला, कुंपणाला दोन बाजूंना फाटकं ठेवू, दिवसा उघडी राहतील, माझा शब्द. काका खूश. पेढे घेऊन खिरकला गेले, हल्कीबाईच्या अंगणात बसून सगळ्यांना सांगितलं. ती म्हणाली, छान झालं, पण मी सुनावणीत हे बोलते, म्हणजे मोठ्या साहेबांच्या कानावरही राहील.

इथे काका चुकले. आणि चूकही अशी की ती त्यांच्यासारख्या गोड बोलून काम काढणाऱ्याच्याच हातून व्हावी. सुनावणीत कुणी उठू द्यायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. फाटकाची गोष्ट ठरलेलीच होती, तिनं ती हॉलमध्ये सांगितली असती, मॅनेजरनं तिथे हो म्हटलं असतं, आणि ते आदेशात लिहिलं गेलं असतं. त्यात कंपनीचं काहीच जात नव्हतं. पण कुणी उठलं की दुसरा उठतो, दुसऱ्याचं बघून तिसरा, मग अध्यक्ष तारीख पुढे टाकतात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ते तिला म्हणाले, "तुम काहे बोलती हो बाई, हम हैं न. जबान दी है." ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हओ दद्दा.

सुनावणीला ती आली होती. नवी साडी नेसून, पुढून दुसऱ्या रांगेत. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? ती अर्धवट उठल्यासारखी झाली आणि काकांनी तिच्याकडे बघून नुसता हात खाली केला, बैस म्हणून. ती बसली. नोंद झाली, जनतेची कोणतीही हरकत नाही. मग सगळ्यांना समोसे मिळाले.

त्यानंतर कुंपण झालं आणि फाटकंही झाली. वर्षभर ती उघडी होती, खोटं कशाला बोलू. मग मॅनेजरची बदली झाली. नवा मॅनेजर पोरगेलासा, गुरुग्रामहून आलेला. त्यानं कागद काढले, विमा कंपनीची अट वाचली, बाहेरचा माणूस आत येता कामा नये, आणि फाटकांना कुलपं लावली. किल्ली गार्डकडे आणि गार्ड कानपूरच्या एजन्सीचा. काका धावत गेले. मॅनेजरनं शांतपणे विचारलं, हे फाटकाचं कुठल्या आदेशात आहे? मला दाखवा, मी आत्ता उघडतो.

दाखवणार काय? काकांनी स्वतःच कुणाला बोलू दिलं नव्हतं.

मग ते उभे राहायला लागले. रोज. त्या पोराच्या केबिनमध्ये टेबलाच्या कोपऱ्याशी, पिशवी हातात धरून. मला वाटलं, होईल काम, या माणसापुढे भलेभले वितळलेत. पण ही नवी जात वेगळी आहे. त्याला डोळ्यांत काही खुपतच नव्हतं. तो मोबाइल बघायचा, लॅपटॉपवर मीटिंग करायचा, जेवायला जाताना काकांना वळसा घालून जायचा, रागानं नव्हे, खोलीतल्या कपाटाला वळसा घालावा तसा. एकदा तर म्हणाला, "अंकल, स्टँडिंग इज द न्यू सिटिंग, सेहत के लिए अच्छा है." मला वाटलं उठून त्याच्या कानाखाली वाजवावी. काका हसले. त्यांच्या हसण्याची मला पहिल्यांदाच चीड आली.

खिरकच्या बायका वळशानं पाण्याला जायला लागल्या. म्हशी कुणीकुणी विकल्या. हल्कीबाईनं विकल्या नाहीत. एका सकाळी म्हैस डंपरला बुजली, आणि हल्कीबाई दोर सोडायला तयार नव्हती. म्हैस वाचली.

आमच्या ऑफिसात बातमी आली तेव्हा काका न्याहारीचा डबा उघडत होते. त्यांनी डबा बंद केला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्यालाही वाईट वाटलं, पण पहिला प्रश्न त्यानं विचारला तो, डंपर आपला होता का? नव्हता. रस्ता सरकारचा होता. फाटक नियमाप्रमाणे बंद होतं. सगळं इतकं बरोबर होतं की कुणावर ओरडायचं तेच मला कळेना, म्हणून मी ऑफिसच्या चहावाल्यावर ओरडले.

काका तेराव्याला खिरकला गेले. मीही बरोबर होते. कुणी त्यांना काही बोललं नाही. हल्कीबाईच्या मुलानं, कामतानं, खाट टाकली. काका बसले. कामता म्हणाला, अम्मा शेवटपर्यंत सांगायची की दद्दानं जबान दिलीय, फाटक उघडेल. तो हे टोचायला बोलत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की काकांना हे ऐकून बरं वाटेल. परतताना गाडीत काका खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मी तिला बसवली, शोभा. ती उठत होती." मी त्यांना समजुतीचं काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी नोकरी सोडली. कंपनीनं शाल दिली, सूर्याचं चित्र असलेली फ्रेम दिली, भाषणात मॅनेजर त्यांना हरित क्रांतीचा शिपाई म्हणाला. त्यांच्या जागी विनय आला. विनय झाशीचाच, चुणचुणीत, तोंडाचा गोड, काकांच्या हाताखाली तयार झालेला. पेढे कुठून घ्यायचे इथपासून सगळं त्यांनीच त्याला शिकवलं होतं. तो अजूनही त्यांच्या पाया पडायचा.

मग कंपनीनं तलावाच्या पलीकडे आणखी पॅनेल लावायचं ठरवलं आणि पुन्हा जनसुनावणी लागली. ही बातमी मीच काकांना दिली. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात गेले तर माणूस ओळखू येईना, इतका वाळलेला. पण ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच जरा जानही आली. म्हणाले, या वेळी बोलायचं. सगळ्यांनी बोलायचं. अध्यक्षांच्या समोर फाटकाचा शब्द घ्यायचा, लिहून. ते दुसऱ्याच दिवशी बसनं खिरकला गेले, कामताला सांगून आले. जन्मभर लोकांना गप्प बसवलेला माणूस आता लोकांना बोला म्हणून सांगत फिरत होता. चुलीवर दूध ठेवून विसरायचे, पण अध्यक्षांपुढे काय बोलायचं ते पाठ करत होते.

सुनावणीच्या दिवशी तोच हॉल, तसंच हिरवं कापड. खिरकची माणसं आली होती. कामता पुढून दुसऱ्या रांगेत, आईच्याच जागेच्या आसपास. विनय दारात उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता. काकांना बघून त्यानं वाकून नमस्कार केला आणि अध्यक्षांच्या टेबलासमोर नेऊन दोन्ही हातांनी खुर्ची सरकवली. काका बसले नाहीत. भिंतीशी उभे राहिले.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे? कुणी उठलं नाही. काका कामताकडे बघत होते. कामता चपलेच्या अंगठ्याकडे. मग काकाच पुढे आले. अध्यक्ष जुने ओळखीचे, त्यांच्या तोंडावर हसू आलं. म्हणाले, "अरे पाध्येजी! आप तो अपने आदमी हैं. बैठिए, बैठिए."

काका म्हणाले, "बैठूँगा नहीं, साहब. मेरी आपत्ति है."

मग त्यांनी आपली हरकत सांगितली. फाटकाचा शब्द, कुलूप, हल्कीबाई, सगळं. शब्द चोख होते. आपण तिला हाताच्या खुणेनं खाली बसवलं, हेही सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, नाही म्हणणार नाही. मग त्यांनी विचारलं, आपण खिरकचे रहिवासी आहात का? नाही. तिथे आपली जमीन आहे? नाही. कंपनीत आहात? होतो. अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "पाध्येजी, भावना समझता हूँ. पर आपत्ति तो गाँव वालों की होनी चाहिए." आणि हॉलकडे वळून विचारलं, खिरकमधल्या कुणाची अशी तक्रार आहे का?

मी मनातल्या मनात ओरडत होते, ऊठ मेल्या, ऊठ. काकांनी हात वर केला. खाली नव्हे, वर, ऊठ म्हणून. कामताची मान आणखी खाली गेली. अध्यक्षांनी वाट पाहिली, मग शेजारच्या कारकुनाकडे बघून मान हलवली. कारकुनानं लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचून दाखवायची गरज नव्हती. असली वाक्यं मी कित्येकदा हिंदीत केली होती.

हॉल उठला. समोसे आले. अध्यक्ष जाता जाता काकांच्या खांद्यावर थोपटून गेले. काका होते तिथेच उभे, टेबलासमोर, पिशवी हातात. मी त्यांच्याजवळ जाणार तेवढ्यात कामता आला. पाया पडला. पडलेल्या चेहऱ्याचा असेल असं मला वाटलं होतं, पण तसा नव्हता, उलट काहीतरी आनंदाची गोष्ट सांगायला आल्यासारखा होता. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "दद्दा, तुम फिकर न करो. फाटक की चाबी मिल जैहै. बिनय भैया घरै आए हते, पेड़ा लै कें. कही कि तुम काहे बोलत, हम हैं. जबान दई है."

काकांनी दाराकडे पाहिलं. विनय हात जोडून एकेकाला निरोप देत होता. मग काकांनी कामताच्या डोक्यावर हात ठेवला, हात थोडा वेळ तिथेच राहिला. मागे विनयनं मघाशी सरकवलेली खुर्ची होती. हिरव्या कापडाच्या समोर, अध्यक्षांच्या टेबलाला तोंड करून. काकांनी हातानं चाचपडून तिची पाठ शोधली आणि ते तिच्यात बसले.

मी धावत पाणी घेऊन आले. "उठा काका, घरी जाऊ," म्हटलं. त्यांनी मान हलवली. कुणीतरी त्यांच्या हातात चहाचा कप दिला होता, तो ते धरून बसले होते.